वाल-कुळथाचा सल्ला

ग्रामसेवकाच्या नोकरीत माणूस काय काय मोजतो, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. मी शेणखताचे खड्डे मोजले, देवी टोचलेले दंड मोजले, जपानी पद्धतीने लावलेल्या भाताच्या ओळी मोजल्या आणि एकदा वरून हुकूम आला म्हणून मारलेल्या उंदरांची शेपटंसुद्धा मोजली. मोजता मोजता त्यातलं एक शेपूट उंदरासकट पळून गेलं, ते वेगळं. पण या सगळ्या मोजदादीत माझं डोकं खाल्लं ते एकाच कोड्याने. माणूस मत द्यायला का येत नाही?

येतो तेव्हा का येतो हे कुणीही सांगेल. न येणारा का येत नाही, ते शोधायला त्याच्या घरी जावं लागतं. मी गेलो. त्याची ही हकीकत.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड म्हणजे नुसता किल्ला. माझं घर महाडात आणि नोकरी पोलादपूरकडे, कापडे गावाच्याही आत एका खोऱ्यात. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावची नातवंडं आता दिवाळी अंक वाचतात आणि त्यांच्या आज्या मला अजून ओळखतात. एस.टी.तून उतरल्यावर डोंगराची एक धार चढायची आणि तीच पलीकडे उतरायची. धार इतकी उभी की चढताना आपलं नाक आपल्याच गुडघ्याला लागे. माझ्या आधीचा ग्रामसेवक तिथे रुजू व्हायला निघाला तो अर्ध्या वाटेवरूनच राजीनामा लिहून परतला, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो. पण इतकी वर्षं सांगतोय की आता खरं धरायला हरकत नाही.

ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचा चिटणीस, सरकारचा निरोप्या आणि गावच्या शिव्यांचा पहिला धनी. निवडणूक आली की यादी वाचून दाखवणं, शाळेची खोली झाडून घेणं आणि लोकांना 'या हो' म्हणणं हे त्याच्याकडे. माझ्या आधी, विधानसभेच्या खेपेला त्या गावात मतदान इतकं थोडं झालं होतं की पेटी हलवली तरी आतून आवाज येईना, आणि कचेरीत ती मोडकी समजून कुणीतरी अडगळीत टाकली. तेव्हा आमच्या बीडीओ साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"यंदा मतदान वाढलं पाहिजे."

"कसं, साहेब?"

"ते तुम्ही बघा."

सरकारी हुकुमाचा हा सगळ्यात जुना नमुना आहे. शिवकाळातही तो असाच असावा.

मी घरोघर हिंडलो. ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मत? गेल्या खेपंला दिलं ना रे. संपलं का काय ते?" दुसरा म्हणाला, "गावकीत ठरलंय सगलं. आता मत देनं म्हंजे लगीन लागल्यावर नवरी बघाय जान्यातला परकार."

हा दुसरा खरं बोलत होता. त्या खोऱ्यात सगळं गावकी ठरवायची. सोमजाईच्या देवळात सभा बसे. घरटी एक माणूस, म्हणजे दर घरातला एक कर्ता पुरुष. पानसुपारी फिरे आणि रस्त्याच्या दगडापासून लग्नाच्या तिथीपर्यंत सगळ्याचा निकाल लागे. काम निघालं तरी हाच नियम: गावाचं बांधकाम असो की वणवा विझवणं, घरटी एक माणूस हजर पाहिजे. गावकीचे पुढारी धोंडजीआबा. उंच, वाळके, मिशा अशा की बोलताना आधी मिशी हले आणि मग शब्द बाहेर येई. आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पंचायतीचे उमेदवारही तेच ठरवत आणि निवडणूक बिनविरोध होई. त्या वर्षीही झाली असती. पण शिमग्याला आलेल्या एका चाकरमान्याने आबांशी भांडून रागाच्या भरात अर्ज भरला आणि तो मागे घ्यायचं विसरून मुंबईला गिरणीत परत गेला. झालं. त्या एका विसरण्यावर अख्ख्या गावाला लोकशाही करावी लागली.

आता कोड्याची दुसरी बाजू. ही मंडळी मताला येत नव्हती, पण त्याच दिवसांत त्यांचं साकवावरून असं भांडण चाललं होतं की डोंगरावरचे वानर ऐकायला खाली येत. साकव म्हणजे झाडाचे सोट आणि बांबू टाकून केलेला पायपूल. गावाच्या मधून एक पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात त्यात गोटे, आणि पावसात तो बैल वाहून नेतो. त्याच्यावर साकव घालायला परवानगी आली होती, सोट तोडून डोंगराच्या कडेला पडले होते, आणि मृगाआधी काम उरकायचं होतं. प्रश्न एवढाच की घालायचा कुठे? पऱ्या ओलांडायच्या जागा दोन. एक देवळाजवळचा उतार आणि दुसरा चांगलाच वर, आंब्याखालचा. आबा म्हणत देवळाजवळ, म्हणजे सोमजाईची पालखी पलीकडच्या वाडीला मानाने जाईल. काही लोक म्हणत वर.

एकदा संध्याकाळी मी देवळाच्या पायरीवर बसून हे भांडण ऐकत होतो आणि एकाएकी माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यांना 'कोण' या प्रश्नाची जांभई येते, ते 'कुठे' या प्रश्नावर मुठी आवळतात. मग मताच्या दिवशी हाच प्रश्न का विचारू नये? साकव कुठे व्हावा, याचा गावाने सल्ला द्यावा. आणि सल्ला देता येईल तो फक्त ज्याच्या बोटावर मतदानाची शाई आहे त्याला.

मी बीडीओ साहेबांना जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "मतदानाच्या खोलीत नाही, शाळेच्या आवारात नाही, माझ्या कानावर नाही. आणि निकाल कुणावरही बंधनकारक नाही. हे काय ते लक्षात ठेवा."

सरकारी माणसाने एवढे 'नाही' म्हटले की त्याला होकार समजतात.

कागद वाचणारे थोडे, म्हणून मी बियांची युक्ती काढली. वाल म्हणजे देवळाचा उतार, कुळीथ म्हणजे वरचा. शाई लावून आलेल्याला दोन्हीतला एकेक दाणा द्यायचा. त्याने घोंगडीच्या आडोशाला जायचं, पाहिजे तो दाणा अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकायचा आणि दुसरा घरी न्यायचा. खायचा, पेरायचा, नाहीतर कोंबडीला घालायचा. कुणी काय टाकलं ते फक्त मडक्याला ठाऊक. मी दवंडी पिटवली. आबांनी बोलावून विचारलं, "ह्यो पोरखेल कशापायी, भाऊसाहेब?"

"नुसता सल्ला आहे, आबा."

"सल्ला व्हय. घे बापडा." आणि मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर भागाबाय मला आडवी आली. भागाबायचा नवरा आणि मुलगा दोघेही मुंबईला गिरणीत. घरी म्हातारा सासरा, ती आणि तिची सून. बाई बोलायला फटकळ. एकदा मी खताच्या खड्ड्यावर व्याख्यान देत असताना तिने विचारलं होतं, भाऊसाहेब, तुमच्या घरी शेन कोन उचलतं? पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"साकव खरंच वर व्हईल का?"

"गावाने तसा सल्ला दिला तर बोलता येईल. का हो?"

तिने पऱ्याच्या पलीकडे बोट केलं. वरच्या उतारासमोर, पलीकडच्या काठावर गंगू सुईणीचं घर होतं. खोऱ्यातली एकुलती एक सुईण. "गेल्या श्रावनात सूनंचं पोट दुखाय लागलं. पऱ्या भरलेला. गंगू पल्याड हुबी, आमी अल्याड. तिनं वरडून सांगायचं, असं करा नि तसं करा. पान्याच्या आवाजात काय आयकू येतंय? प्वार गेलं." मग म्हणाली, "यंदाच्या श्रावनात पुन्ना दिस भरत्यात."

"पण देवळाजवळ साकव झाला तरी पलीकडे जाता येईलच की."

"जाता येईल, पर मधी दुसरा पऱ्या हाय. त्योबी भरतो. म्हंजे एक वलांडायचा नि दुसऱ्यापाशी बसून रडायचं."

"मग तुम्ही मताला या. कुळीथ टाका."

तिने मान हलवली. मला वाटलं, तिला कळलं. तिला वाटलं, मला कळलं. सगळ्या फजित्या इथूनच सुरू होतात.

मताचा दिवस उजाडला. शिमगा होऊन गेलेला, चाकरमानी परतलेले. शाळेच्या खोलीत पेटी, आणि तिच्यामागे महाडच्या कचेरीतून आलेले एक अव्वल कारकून, केंद्राचे अधिकारी म्हणून. धार चढून आल्यामुळे त्यांचा अर्धा जीव वाटेतच राहिला होता. मी जरा दूर, एका गोठ्यात, माझं मडकं घेऊन.

सकाळी सकाळी फेटे आणि मुंडाशी बांधून म्हातारे आले. मी तर हरखून गेलो. एकाने पेटीसमोर जोडे काढले, नमस्कार केला आणि अंगारा मागितला. माझ्या गोठ्यात एक आला तो दोन्ही दाणे तोंडात टाकून मोकळा. म्हणाला, "मी दोनी उतारावनं जातो. मला दोनी पायजेत." आणखी एक म्हणाला, "साकव नको, होडी पायजे. तिचा दाना कंचा?" मी त्याला म्हटलं, होडीचा दाणा अजून पिकायचा आहे. तो म्हणाला, मंग थांबतो. आणि खरंच बसून राहिला.

ऊन वर आलं आणि गर्दी एकाएकी तुटली. कुणीच येईना. कारकून साहेब खिडकीतून म्हणाले, "संपलं वाटतं तुमचं गाव."

गाव संपलेलं नव्हतं. यादीत आलेल्यांच्या कितीतरी पट नावं होती. मी आलेल्यांचे चेहरे आठवून बघितले, आणि ध्यानात आलं की प्रत्येक घरातून एक माणूस आला होता. अगदी नेमका एक. एकही घर चुकलं नव्हतं आणि एकाही घरातून दुसरं माणूस आलं नव्हतं. सरकारची निवडणूक असो नाहीतर ग्रामसेवकाचं मडकं, गावाने आपला नियम लावला होता: घरटी एक.

कोडं सुटलं होतं. गावाच्या हिशेबी मतदान पुरेपूर झालं होतं, गेल्या खेपेलाही झालं होतं. रिकामी पेटी आम्हालाच दिसत होती.

मडकं होडीवाल्याच्या हवाली केलं, तो बसलेलाच होता, आणि मी शेताकडे धावलो. बाया राबाच्या कामाला गेल्या होत्या. भाताची रोपं जिथे करायची त्या जमिनीवर शेण, पाला आणि फांद्या पसरून जाळतात, तो राब. डोंगरभर धूर. भागाबाय राखेत उभी होती, कोपरापर्यंत काळी.

"भागाबाय, मताला आला नाहीत?"

"आलो की."

"कधी?"

"मामंजी आले ना सकालच्या पारी. आमचं घर झालं."

"तुमच्या घराचं नाही हो. तुमचं."

"माजं येगलं कुठनं आनू? रातीपासनं मामंजींच्या पाया पडलो, कुलीथ टाका म्हून. हां हां म्हनाले. पर आबांच्या शब्दाभाईर ते जायाचे नाय. वालच टाकला असंल."

मी तिला सांगितलं की सरकारच्या यादीत तिचं नाव आहे. अमक्याची बायको म्हणून नाही; भागीरथी, असं स्वतःचं. सुनेचं आहे. गंगू सुईणीचं आहे. राबात उभ्या असलेल्या झाडून साऱ्या बायांची आहेत.

"माजं नाव? सरकारला कोनी सांगितलं?"

"मीच."

"नि मला सांगायचं राहिलं व्हय?"

चुकलंच, म्हणून मी कानाला हात लावला. तिने विचारलं, "म्हंजे मामंजींचा वाल पडला असंल तरी माजा कुलीथ पडंल?"

"पडेल."

"सुनंचा पन?"

"तिचाही."

तिने हातातली काठी टाकली, बांधावर चढली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून अशी कूक घातली की प्रतापगडावरच्या तोफा उगीच मिजास करतात असं मला वाटलं. या टेकाडावरून त्या टेकाडाला, त्या टेकाडावरून पलीकडच्या वाडीला. आधी राखेचा लोट खाली आला आणि त्याच्यामागून बाया. मी तर म्हणेन की डोंगरच खाली उतरला; उतरल्यावर तो जरा बुटका झाला, तो अजून तसाच आहे, जाऊन बघा.

कारकून साहेब डुलकीत होते. डोळे उघडले तो दारात काळ्या बायांची रांग, तिचं शेपूट पऱ्यापर्यंत. ते दचकून उभेच राहिले. शाई लावायला पहिलं बोट धरलं, तर बोट शाईपेक्षा काळं.

"हिला शाई लावली की नाही, हे ओळखायचं कसं?"

"धुवून येतो की," भागाबाय म्हणाली. "सरकारला काला हात चालत नसंल तर."

मग अख्खी रांग पऱ्यावर गेली आणि उरलेल्या पाण्यात हात धुवून आली. पऱ्याचं पाणी खाली महाडपर्यंत काळं गेलं असणार. सावित्रीच्या काठचे धोबी त्या दिवशी हैराण झाले असतील तर त्याचं कारण हे. एक सासू आपल्या सुनेला आत जाताना दटावत होती, "मी सांगीन तिथंच मार हां शिक्का." सून म्हणाली, "आत पडदा हाय, आत्याबाय." कारकून साहेब शिक्के देता देता घामाघूम झाले. वेळ संपली तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना त्यांनी आत घेतलं, नियमाप्रमाणे. माणूस झोपाळू होता, पण सरळ होता. आणि तिथून सुटलेली प्रत्येक बाई माझ्या गोठ्यात येऊन आपला दाणा मडक्यात टाकून गेली.

पेटी महाडला गेली. तिचं काय झालं ते सांगून टाकतो: गावकीचे उमेदवार आले, मुंबईच्या विसराळू माणसाला त्याची आईसुद्धा विसरली होती. पण पेटी उचलायला या खेपेला दोन माणसं लागली.

मडकं मात्र आम्ही देवळासमोर फोडलं. एका सुपात वाल, दुसऱ्यात कुळीथ. वालाचा दाणा टपोरा, कुळथाचा बारीक, त्यामुळे ढीग बघून आबा म्हणाले, "दिसतंय की. वाल जास्ती."

"ढीग नका बघू आबा, जोडी लावू," मी म्हटलं. एक वाल, एक कुळीथ, बाजूला. एक वाल, एक कुळीथ, बाजूला. अख्खं गाव वाकून बघत होतं. वाल संपले. सुपात कुळीथ उरले होते, आणि चांगले ओंजळभर उरले होते. बायांमध्ये एक सळसळ झाली. भागाबायची सून पोटावर हात ठेवून उभी होती.

आबांनी सुपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सल्ला म्हनाला व्हतास ना, भाऊसाहेब?"

"हो."

"हुकूम नाय?"

"नाही."

"मंग आयकला. चांगला सल्ला हाय." आणि ते उठले. पुढच्या बैठकीत नव्या पंचांनी ठरवलं, साकव देवळाजवळ. कामाचा दिवस नेमला. घरटी एक माणूस.

भागाबाय माझ्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"आयकायचं नव्हतं," ती म्हणाली, "तर इचारलंत कशापायी?"

इतकी वर्षं झाली. मोठमोठ्या सभांना गेलो, लोकमत, लोकसहभाग यांवरची भाषणं ऐकली. पण सल्ला मागण्याच्या धंद्यावर याहून नेमका शेरा मी ऐकलेला नाही. बीडीओ साहेबांनी वाढलेल्या मतदानाबद्दल माझी पाठ थोपटली, तेव्हा ती पाठ मला दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती.

कामाच्या दिवशी मी मुद्दाम देवळाच्या उतारावर गेलो नाही. पण तिथूनच बोलावणं आलं. धोंडजीआबा नारळ घेऊन एका गोट्यावर बसले होते, बाजूला पंच. पहिला सोट आला की नारळ फोडायचा आणि तो बसवायचा. ऊन चढलं. सोट येईना, माणूस येईना.

"भाऊसाहेब, आज वार कंचा?"

"तोच, आबा."

तेवढ्यात वरून आवाज आला. एकसुरात हाळी दिल्यासारखा. आम्ही पऱ्यातून चालत वर निघालो. आंब्याच्या वळणाला आलो आणि सगळे तिथेच थांबले.

वरच्या उतारावर बाया होत्या. सोट डोंगराच्या कडेला पडलेले होतेच. ते त्यांनी दोर लावून सरळ उतरणीवरून आंब्याखाली आणले होते. दोन सोट पऱ्यावर आडवे पडलेही होते, दोन्हीकडे दगड रचले जात होते, आणि गंगू सुईण पलीकडच्या काठावर कमरेला पदर खोचून हुकूम सोडत होती. उरलेल्यांतला एक सोट मी नंतर उचलून बघितला. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. माझ्यासारखे दहा ग्रामसेवक आणि त्यांची सगळी दप्तरं लागली असती.

पंचांपैकी एक तडकला. "कोनी सांगितलं तुमाला ह्यो उद्योग?"

भागाबायने दोर खाली ठेवला. "गावकीनं. घरटी एक मानूस म्हनालात ना?"

"मानूस म्हनालो. बाया नाय."

"मानसं हायत मुंबैला गिरनीत. घरात म्हातारा नि मी. म्हाताऱ्याला सोट उचलंल का? घरटी एक, ती मी आलो."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या घरची मी." दुसरी म्हणाली, "आमची मी." प्रत्येकीने आपलं घर सांगितलं, ओळीने, घर न चुकवता. त्या आवाजात शेवटी एक बारीक आवाज होता, "आबा, आपल्या घरची मी." ती धोंडजीआबांची स्वतःची धाकटी सून.

सगळे आबांकडे बघायला लागले. पऱ्यात चिमणी उतरली असती तर तिचे पाय वाजले असते. आबांची मिशी हलली; शब्द यायला वेळ लागला.

"पालखीचं काय?"

"पालखी शिमग्यात जाते," भागाबाय म्हणाली. "शिमग्यात पऱ्यात घोटाभर पानी नसतं. आन् आय वरनं गेली तर चार पावलं जास्ती. तिला काय गुडघं दुखतात?" मग जरा खालच्या सुरात, "आबा, आमचे दुखतात."

आबांनी भागाबायच्या सुनेकडे बघितलं. ती आंब्याखाली बसून बांबू बांधायचे वेल सोलत होती. गेल्या श्रावणात तिचं मूल पुरायला आबाच पुढे होते, हे मला नंतर कळलं.

"घरटी एक आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"कुनाचं घर राह्यलं?"

"कुनाचंच नाय."

"मंग ह्ये गावकीचं काम हाय," आबा म्हणाले. वाकले आणि आंब्याच्या मुळाशी असलेल्या दगडावर त्यांनी नारळ फोडला. पंचांना म्हणाले, "बघत काय ऱ्हायलात? तो दगुड सरल बसंना त्यांच्याच्यानं. धरा."

मृगाआधी साकव उभा राहिला. श्रावणात पऱ्या असा फुगला की त्यातून म्हणे शिवथरच्या घळीतले दगड वाहत आले, भूगोल कसाही असो. त्या पुरात गंगू सुईण एका हाताने बांबूचा कठडा धरून, दुसऱ्या हातात आपलं गाठोडं घेऊन अलीकडे आली. मी नव्हतो तिथे. सुईणीपेक्षा ग्रामसेवक नंतरच लागतो, जन्माची नोंद करायला. मुलगी झाली. नाव लिहून घेताना मी भागाबायला विचारलं, काय ठेवलंत? ती म्हणाली, "लिवून ठेवा नीट. पुढं यादीत लागंल."

माझ्या या पराक्रमाची बातमी वर गेली आणि वरून एक परिपत्रक खाली आलं. मतदानाच्या दिवशी कोणत्याही स्वरूपाचे पूरक प्रश्न, बी-बियाणे अथवा मडकी वापरू नयेत. 'मडकी' हा शब्द सरकारी कागदावर आलेला मी तेवढाच बघितला. खेद वाटला, अजून वाटतो. मला गावोगाव विचारायचे होते असे पुष्कळ प्रश्न होते: विहीर कुठे, शाळा कधी भरावी, दवाखाना असला तर कुठल्या काठावर. ते पुन्हा देवळाच्या पायरीवर गेले.

पुढच्या निवडणुकीला मला वाटलं, आता या बाया कशाला येतात? प्रश्न नाही, दाणा नाही. पण त्या सकाळीच आल्या. म्हाताऱ्यांच्या आधी. हात धुवून. भागाबायने मला विचारलं, "औंदा काय इचारनार?"

"औंदा विचारायला बंदी आहे, बाय."

"बरं," ती म्हणाली, आणि रांगेत उभी राहिली. ती 'बरं' इतक्या सहज म्हणाली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मोजणीला मी महाडला हजर होतो. आमच्या गावची पेटी टेबलावर उलटी झाली आणि घडी केलेल्या मतपत्रिकांबरोबर टेबलभर काहीतरी टपटपलं. अधिकारी नवे होते, तरुण. त्यांनी एक घडी उघडली. आत एक कुळथाचा दाणा. दुसरी उघडली, त्यातही दाणा. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, पुढून मागून चाळलं. त्यात कुळथाबद्दल काही नव्हतं. शिक्के सगळे जागच्या जागी होते, मतं चोख होती. त्यांनी ती मान्य केली आणि दाणे एका वाटीत गोळा करायला लावले. वाटी भरली, दुसरी मागवली.

"हा काय प्रकार आहे, भाऊसाहेब?"

"सल्ला आहे, साहेब."

"कशाबद्दल?"

मी वाटीकडे बघितलं.

"ते आपण अजून विचारलेलं नाही," मी म्हटलं.